धातूंच्या थररचित भागांतील अवशिष्ट प्रतिबल व विरूपण : कारणे आणि नियंत्रणाचे उपाय

सारांश

धातूच्या भुकटीचे किंवा तारेचे थर एकावर एक वितळवून यंत्रभाग घडविण्याचे तंत्र आज अवकाश, विमान आणि वैद्यकीय क्षेत्रांत प्रत्यक्ष वापरात आले आहे. या तंत्रातील सर्वांत चिवट अडचण म्हणजे भागात साठून राहणारे अवशिष्ट प्रतिबल आणि त्यातून उद्भवणारे विरूपण होय. प्रस्तुत लेखात या दोहोंची कारणे, त्यांचे परस्परनाते, नियंत्रणाचे प्रमुख उपाय आणि मापनाच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे. विरूपण कमी झाले म्हणजे प्रतिबलही कमी झाले असे मानणे चुकीचे असून उपायांची निवड करताना हा भेद पाळणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : थररचना, अवशिष्ट प्रतिबल, विरूपण, तापमान-प्रवणता, पूर्वतापन, प्रतिबलमोचन.

१. प्रस्तावना

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यासाठी असलेल्या, थररचनेने घडविलेल्या द्रवइंधन इंजिनाची ६६५ सेकंदांची ज्वलनचाचणी यशस्वी केली. पूर्वी १४ भाग जोडून तयार होणारे हे इंजिन लेसर पावडर बेड फ्यूजन या पद्धतीने एकसंध घडविण्यात आले. त्यामुळे वेल्डिंगचे १९ सांधे वाचले आणि ५६५ किलोग्रॅम घडीव धातू व पत्र्याऐवजी १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरेशी ठरली. सांधे गेले, वजन वाचले, वेळ वाचला. या तंत्राकडे अभियंत्यांचे लक्ष का वेधले गेले, हे या एकाच उदाहरणावरून स्पष्ट होते.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. सांधे नाहीसे झाले असे म्हणताना एक गोष्ट नजरेआड होते, ती ही की या पद्धतीत संपूर्ण वस्तूच सूक्ष्म वेल्डिंगची बनलेली असते. थराची जाडी ४० मायक्रोमीटर आणि लेसरच्या लगतच्या दोन रेषांमधील अंतर १०० मायक्रोमीटर धरले, तर एक घनसेंटीमीटर धातू घडविण्यासाठी लेसरला सुमारे २५० मीटर लांबीची रेषा वितळवावी लागते. दहा सेंटीमीटर बाजूचा भरीव ठोकळा घडवावयाचा झाल्यास ही लांबी २५० किलोमीटर होते. लेसरचा वेग सेकंदाला एक मीटर असला तरी केवळ रेषा आखण्यासच सुमारे ६९ तास लागतील. यातील प्रत्येक रेषा तापते, वितळते, गोठते आणि आकसते. त्या आकसण्याचा हिशेब वस्तूत साठत जातो आणि भाग आधारपट्टिकेपासून कापून सोडविताना तो एकदम पुढे येतो. कित्येक तासांच्या, प्रसंगी कित्येक दिवसांच्या कामानंतर भाग वाकलेला किंवा तडकलेला निघाला, तर वेळ, महाग भुकटी आणि यंत्राचे तास हे तिन्ही वाया जातात. म्हणून हा विषय केवळ कारखान्याचा न राहता अध्यापनाचाही झाला आहे.

२. अवशिष्ट प्रतिबल : संकल्पना

बाहेरून कोणतेही बल लावलेले नसताना, सर्वत्र तापमान सारखे असताना, वस्तूच्या आत जे प्रतिबल शिल्लक असते त्यास अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. वस्तू स्थिर असल्यामुळे हे प्रतिबल स्वतःच स्वतःला तोलून धरते. एका भागात ताण असेल तर दुसऱ्या भागात त्यास तोलणारा दाब असलाच पाहिजे.

ही संकल्पना ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. धाव आगीत तापवून लाल करतात, ती प्रसरण पावते, त्या अवस्थेत ती चाकावर बसवितात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना धाव आकसू पाहते, परंतु लाकूड तिला पुरते आकसू देत नाही. परिणामी धाव ताणलेल्या आणि लाकडी घेर व आरे दाबलेल्या अवस्थेत राहतात. चाकाची मजबुती या साठलेल्या प्रतिबलामुळेच टिकते.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, उष्णतेने होणारे आकुंचन अडविले गेले की प्रतिबल निर्माण होते. दुसरी, अवशिष्ट प्रतिबल स्वभावतः वाईट नसते. ते कोठे आहे आणि कोणत्या दिशेचे आहे यावर त्याचे गुणदोष ठरतात. लोहाराला ते हवे तेथे मिळते. थररचनेत मात्र ते योजनेविना, बहुधा पृष्ठभागाशी ताणाच्या स्वरूपात निर्माण होते आणि पृष्ठभागावरील ताण हा भेगांना व धातूच्या थकव्याला पोषक असतो.

शास्त्रीय वर्गीकरणात अवशिष्ट प्रतिबलाचे तीन प्रकार मानतात : संपूर्ण भागाच्या प्रमाणावर पसरलेले, स्फटिककणांच्या प्रमाणावरील आणि अणुरचनेच्या प्रमाणावरील. विरूपणाशी मुख्यतः पहिल्या प्रकाराचा संबंध असल्याने येथील विवेचन त्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

३. प्रतिबलाचा उद्भव

बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे मर्सेलिस व क्रूथ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रतिबलाच्या उद्भवाची दोन कारणे मांडली. पुढील बहुतेक संशोधनाने त्या मांडणीचा आधार घेतला आहे.

पहिले कारण तापमान-प्रवणतेचे होय. लेसरचा ठिपका साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर व्यासाचा असतो. त्याखालील धातू क्षणार्धात तापतो, परंतु शेजारचा व खालचा धातू तुलनेने थंडच राहतो. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो आणि भोवतालचा थंड भाग त्यास अडवितो. धातू तापला की त्याचे यील्ड सामर्थ्य, म्हणजे कायमची विकृती सुरू होण्याची मर्यादा, बरेच घटते. त्यामुळे अडविलेला तप्त भाग दबून कायमचा आखूड होतो. उष्णता निघून गेल्यावर हा आखूड झालेला भाग आपल्या नव्या लांबीपर्यंत आकसू पाहतो. शेजारचा धातू त्यास आकसू देत नाही आणि तेथे ताणप्रतिबल उरते.

दुसरे कारण वितळलेल्या थराच्या थंड होण्याचे होय. नवा थर वितळलेल्या अवस्थेत खालच्या घट्ट थरावर बसतो. गोठल्यानंतर तो आकसतो, पण खालचा थर आधीच गोठून आकसलेला असतो. परिणामी वरच्या थरात ताण आणि खालच्या थरात दाब निर्माण होतो. पुढचा थर आला की हीच क्रिया पुन्हा घडते आणि आधीच्या थरातील प्रतिबलाची वाटणीही बदलते.

हे प्रतिबल किती मोठे असू शकते, याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो. पूर्णतः अडविलेल्या आकुंचनामुळे एका दिशेने निर्माण होणारे प्रतिबल हे रेषीय प्रसरणांक, यंगचा गुणांक आणि तापमानातील घट यांच्या गुणाकाराइतके असते. टायटॅनियमच्या सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूसाठी प्रसरणांक अंशाला सुमारे ०.००० ००९ आणि यंगचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल आहे. तापमान केवळ ८०० अंश सेल्सिअसने घटले तरी उत्तर सुमारे ७९० मेगापास्कल येते. हा मिश्रधातू प्रत्यक्षात १६०० अंशांहून अधिक तापमानाला वितळतो. तेथपासूनची संपूर्ण घट धरली तर गणिताचे उत्तर धातूच्या यील्ड सामर्थ्याच्या पलीकडे जाते. अर्थात तापलेल्या धातूचा यंगचा गुणांक कमी असतो आणि मर्यादा ओलांडताच धातू कायमचा ताणला जातो, त्यामुळे प्रतिबल तेवढे वाढत नाही. तथापि ते यील्ड सामर्थ्याच्या जवळपास पोहोचू शकते, हा या गणिताचा खरा बोध होय.

धातूनुसार या परिणामाची तीव्रता बदलते. टायटॅनियम मिश्रधातूची उष्णतावाहकता कमी असल्याने त्यात तापमान-प्रवणता तीव्र होते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत उष्णता लवकर पसरते आणि यंगचा गुणांकही ७० गिगापास्कलच्या आसपास असतो, म्हणून साठणारे प्रतिबल तुलनेने कमी राहते. काही पोलादांत थंड होताना मार्टेन्साइट तयार होते आणि त्या रूपांतरात आकारमान वाढते; ही वाढ आकुंचनाचा काही भाग भरून काढते.

४. प्रतिबल आणि विरूपण : नाते व भेद

प्रतिबल आणि विरूपण हे शब्द पुष्कळदा जोडीने उच्चारले जातात, त्यामुळे त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत आणि एक घटली की दुसरीही घटते असा समज होतो. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. आकुंचन अडविले तर प्रतिबल साठते आणि मोकळे सोडले तर भाग वाकतो. अडवणूक जितकी पक्की, तितके विरूपण कमी आणि साठलेले प्रतिबल अधिक. लोखंडी दारे-खिडक्या बनविणाऱ्या कारागिरास हे अनुभवाने ठाऊक असते. चौकट शिकंज्यात घट्ट आवळून वेल्डिंग केल्यास ती सरळ दिसते, पण शिकंजा सोडताच थोडी उसळते. जे उसळले ते दिसले. जे उसळले नाही ते आतच राहिले.

थररचनेत शिकंज्याचे काम आधारपट्टिका आणि टेकू करतात. भाग घडत असताना त्याची कड वर उचलली गेली तर भुकटी पसरविणारे पाते तिच्यावर आदळते आणि काम थांबते. टेकू अपुरे असतील तर ते तुटतात. पक्के असतील तर भाग जागच्या जागी राहतो, पण काही वेळा टेकूऐवजी भागच तडकतो. मर्सेलिस व क्रूथ यांच्या विवेचनानुसार भाग पट्टिकेला जोडलेला असताना त्यातील प्रतिबल मोठे असते. कापून सोडविल्यावर त्यातील काही भाग मोकळा होतो आणि त्याच्या बदल्यात भाग वाकतो. सोडविलेल्या भागात वरच्या व खालच्या पृष्ठभागांशी ताण आणि मधल्या पट्ट्यात दाब अशी वाटणी उरते. म्हणजेच वाकून गेल्यावरही भाग प्रतिबलमुक्त होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली घेतलेल्या एएम-बेंच या तुलनात्मक उपक्रमात याच गोष्टीचा उपयोग करून घेण्यात आला. निकेलचा मिश्रधातू ६२५ आणि १५-५ या प्रकारचे स्टेनलेस स्टील यांपासून ७५ मिलिमीटर लांबीचे, ओळीने पाय असलेले पुलाच्या आकाराचे नमुने घडविण्यात आले. त्यांतील अंतर्गत विकृती विवर्तनाच्या साहाय्याने मोजली गेली. त्यानंतर एक टोक पट्टिकेला जोडलेले ठेवून बाकीचे पाय कापण्यात आले आणि मोकळे झालेले टोक किती वर उचलले जाते हे मोजण्यात आले. जगभरातील संशोधकांना आपापल्या गणिती प्रारूपांनी ही मापे आधीच वर्तविण्याचे आवाहन करण्यात आले होते. या नमुन्यात प्रतिबल आणि विरूपण या दोहोंचे स्वतंत्र मापन केले, यातच त्याचे महत्त्व आहे. केवळ उचल बरोबर वर्तविणारे प्रारूप आतील प्रतिबलाची वाटणी बरोबर सांगेलच असे नाही.

या भेदाचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. मोजपट्टीला सरळ आढळलेला भाग सुरक्षित मानून वापरात घेतला आणि त्याच्या पृष्ठभागाशी मोठा ताण असला, तर वारंवार बदलणाऱ्या भाराखाली तो अपेक्षेपेक्षा लवकर तडकू शकतो. म्हणून पुढील प्रत्येक उपायाविषयी तो विरूपण कमी करतो, प्रतिबल कमी करतो, की दोन्ही, हा प्रश्न विचारला पाहिजे.

५. नियंत्रणाचे उपाय

५.१ आरेखन, दिशा व टेकू

मोठे सलग आडवे छेद एकाच वेळी वितळविले की आकुंचन एकवटते. भाग तिरपा ठेवल्यास प्रत्येक थरातील क्षेत्र लहान होते आणि एका थरातून दुसऱ्यात होणारा बदल हळूहळू घडतो. जाडीतील अचानक बदल व तीक्ष्ण कोपरे टाळणे, आधारपट्टिका पुरेशी जाड ठेवणे आणि टेकू योग्य जागी देणे हे उपाय स्वस्त आहेत. टेकू दोन कामे करतात : भाग धरून ठेवणे आणि उष्णता खाली वाहून नेणे. पहिल्या कामामुळे विरूपण घटते, प्रतिबल नव्हे. दुसऱ्या कामामुळे तापलेल्या लोंबत्या कडांचे तापमान आटोक्यात राहते.

५.२ लेसरच्या मार्गाची आखणी

रेषेच्या लांबीच्या दिशेने साठणारे प्रतिबल सामान्यतः आडव्या दिशेतील प्रतिबलापेक्षा अधिक असते. म्हणून लांबच लांब रेषा टाळून क्षेत्राचे लहान चौकोन पाडणे आणि प्रत्येक थरात रेषांची दिशा बदलणे ही पद्धत रूढ झाली. दिशा दर थराला ६७ अंशांनी फिरविण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. यामागील गणित रोचक आहे. ६७ आणि १८० यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसल्यामुळे रेषांची नेमकी तीच दिशा १८० थरांनंतरच परत येते. त्यामुळे कोणत्याही एका दिशेला आकुंचन साचत नाही आणि वाटणी अधिक समान होते.

चौकोनांच्या आकाराबाबत मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१४ साली ३१६एल स्टेनलेस स्टीलवर केलेल्या अभ्यासात चौकोन लहान केल्याने प्रतिबल घटल्याचे आढळले. अन्य धातू व यंत्रांवरील काही अभ्यासांत असा परिणाम स्पष्ट दिसला नाही. चौकोनांच्या सीमांवर सच्छिद्रता वाढण्याचा धोकाही असतो. मार्गाची आखणी हा फुकट मिळणारा उपाय आहे. परंतु तो प्रतिबलाची वाटणी बदलतो, त्याचे मूळ नाहीसे करीत नाही.

५.३ पूर्वतापन

मूळ कारण तापमानातील फरक हे असल्याने तो फरकच कमी करणे हा सर्वांत थेट उपाय होय. इलेक्ट्रॉन शलाकेच्या यंत्रांत टायटॅनियम मिश्रधातूची भुकटी वितळविण्यापूर्वी सुमारे ६०० ते ७५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली जाते, म्हणून त्या भागांत अवशिष्ट प्रतिबल फार कमी आढळते. लेसर यंत्रांत आधारपट्टिका सर्वसाधारणपणे २०० अंशांपर्यंतच तापविली जाते; हे तापमान टायटॅनियमसाठी अपुरे ठरते. शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भुकटीचा थर ५७० अंशांवर ठेवल्यास टायटॅनियम मिश्रधातूतील अवशिष्ट प्रतिबल जवळजवळ नाहीसे होते, असे दाखविले. या तापमानाला ठिसूळ मार्टेन्साइटचेही विघटन होऊ लागते.

याची किंमत मोजावी लागते. उच्च तापमानाला न वितळलेली भुकटी एकमेकींना चिकटू लागते, तिचा पुनर्वापर कठीण होतो, प्राणवायू शोषला जाण्याचा धोका वाढतो आणि यंत्राची रचना महाग होते. यावर पर्याय म्हणून लिव्हरमोर प्रयोगशाळेने २०१९ साली लेसर डायोडच्या रुंद प्रकाशझोताने निवडक थरांचा पृष्ठभाग तापविण्याची पद्धत मांडली. तीत संपूर्ण कोठी न तापविता काम चालू असतानाच प्रतिबल सैल केले जाते.

५.४ थरांवर यांत्रिक संस्कार

थंड होताना धातू आखूड पडतो हे दुखणे असेल, तर तो पुन्हा लांबविणे हा तर्कशुद्ध उपाय ठरतो. विजेच्या ज्योतीने तार वितळवून थर रचण्याच्या पद्धतीत इंग्लंडमधील क्रॅनफील्ड विद्यापीठाने दोन थरांच्या मध्ये जड रोलर फिरविण्याचे तंत्र विकसित केले. त्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात प्रतिबल व विरूपण घटले आणि स्फटिककणही बारीक झाले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संघराज्यीय तंत्रसंस्थेने २०१७ साली लेसरच्या आघाताने पृष्ठभाग ठोकण्याची पद्धत थररचित भागांना लागू करून ताणाच्या जागी दाबप्रतिबल निर्माण केले. लोहाराच्या धावेप्रमाणे येथे अवशिष्ट प्रतिबल हेतुपूर्वक, हव्या त्या दिशेचे घडविले जाते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. के. पी. करुणाकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलिंग यंत्रालाच वेल्डिंगची जोड देऊन कमी खर्चाची संकरित थररचना पद्धती विकसित केली. तीत थर वेल्डिंगने रचतात आणि त्याच यंत्रावर छाटून मापात आणतात. अशा पद्धतीत मापातील चूक छाटणीने दूर होते. मात्र आतील प्रतिबलासाठी वेगळी योजना करावीच लागते.

५.५ प्रतिबलमोचनाची उष्णता-प्रक्रिया

भाग घडून झाल्यावर त्यास ठरावीक तापमानाला काही काळ ठेवले की धातूचे यील्ड सामर्थ्य घटते, सावकाश सरकण सुरू होते आणि साठलेले प्रतिबल विरते. ही सर्वांत विश्वसनीय पद्धत आहे. परंतु तिचा क्रम निर्णायक आहे. ही प्रक्रिया भाग आधारपट्टिकेवर असतानाच करावयाची असते. आधी कापले तर भाग वाकतो आणि नंतरची उष्णता त्या वाकलेल्या आकारातच त्याला स्थिर करते. अनेक भाग केवळ हा क्रम चुकल्याने वाया जातात.

टायटॅनियम मिश्रधातूसाठी निर्वातात किंवा आर्गॉन वायूत साधारण ६५० ते ८०० अंशांवर दोन ते चार तास ही प्रक्रिया करतात. दहा टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूसाठी ३०० अंशांवर दोन तास हे प्रमाण दीर्घकाळ रूढ आहे. मात्र त्यामुळे सिलिकॉनचे सूक्ष्म जाळे तुटून धातूचे सामर्थ्य घटते. निकेलच्या ६२५ मिश्रधातूचे उदाहरण अधिक बोलके आहे. ओतीव व घडीव धातूंच्या अनुभवावरून त्यास ८७० अंशांवर एक तास ठेवण्याची प्रथा होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासात असे दिसले की थररचित धातूत मूलद्रव्यांची सूक्ष्म असमान वाटणी झालेली असल्याने या तापमानाला डेल्टा नावाची अनिष्ट कला वेगाने निर्माण होते. जुन्या धातूचे कोष्टक नव्या धातूला जसेच्या तसे लावता येत नाही, हा यातील धडा होय.

५.६ आकाराची पूर्वभरपाई

संगणकीय प्रारूपाने भाग कोठे किती वाकेल हे काढून आराखडाच उलट दिशेने तितका वाकवून ठेवणे, हा उपाय आज लोकप्रिय आहे. त्याने अंतिम माप बरोबर येते. प्रतिबल मात्र जसेच्या तसे राहते.

वरील विवेचनाचा गोषवारा पुढील कोष्टकात दिला आहे.

| उपाय | विरूपणावर परिणाम | प्रतिबलावर परिणाम | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|
| टेकू व जाड पट्टिका | घडताना घटते | घटत नाही, वाढू शकते | काढण्याचे श्रम |
| लेसरमार्गाची आखणी | काहीसे घटते | वाटणी बदलते, काहीसे घटते | धातू व यंत्रानुसार बदल |
| पूर्वतापन | घटते | मुळातच घटते | भुकटी चिकटणे, खर्च |
| रोलर व आघात-संस्कार | घटते | घटते किंवा दाबात बदलते | आकाराचे बंधन, वेळ |
| कापण्यापूर्वी उष्णता-प्रक्रिया | कापतानाचे वाकणे टळते | मोठ्या प्रमाणात घटते | धातूच्या अंतर्रचनेत बदल |
| आकाराची पूर्वभरपाई | अंतिम माप साधते | परिणाम नाही | प्रारूपाची अचूकता |

६. मापन व पूर्वानुमान

प्रतिबल थेट मोजता येत नाही. मोजली जाते ती विकृती. क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकातील अणुपातळ्यांचे अंतर मोजून पृष्ठभागालगतच्या काही मायक्रोमीटरमधील प्रतिबल कळते. लहान छिद्र पाडून भोवतालची विकृती नोंदविण्याची पद्धत थोड्या अधिक खोलीपर्यंत जाते. मायकेल प्राइम यांनी २००१ साली मांडलेल्या समोच्चरेषा पद्धतीत भाग तारेच्या विद्युत्ठिणगीने कापून, कापलेल्या पृष्ठाची सूक्ष्म उंचसखलता मोजतात आणि तीवरून संपूर्ण छेदातील प्रतिबलाचा नकाशा काढतात. न्यूट्रॉन विवर्तन धातूच्या आत कित्येक मिलिमीटर पोहोचते, परंतु त्यासाठी अणुभट्टी किंवा मोठा न्यूट्रॉनस्रोत लागतो.

पूर्वानुमानाच्या क्षेत्रातही वेल्डिंगचे ऋण मोठे आहे. जपानमधील ओसाका विद्यापीठात उएदा व सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास वेल्डिंगसाठी मांडलेली अंगभूत विकृतीची कल्पना आज थररचनेच्या संगणकीय आज्ञावलींत वापरली जाते. प्रत्येक रेषेचे उष्णतागणित सोडविण्याऐवजी एका लहान नमुन्यावरून ठरविलेली विकृती संपूर्ण थरांना लावली जाते. त्यामुळे आकडेमोडीचा वेळ पुष्कळ वाचतो. तापमानाचा तपशील मात्र गमवावा लागतो.

७. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

धातूचे थररचना यंत्र बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर असले तरी यातील मूलतत्त्व कार्यशाळेत दाखविता येते. सुमारे १५० मिलिमीटर लांब व ६ मिलिमीटर जाड अशा सौम्य पोलादाच्या सारख्या पट्ट्या घेऊन प्रत्येकीवर मध्यभागी लांबीच्या दिशेने वेल्डिंगची एक रेषा टाकावी. पहिली पट्टी मोकळी ठेवावी. दुसरी जाड पट्टिकेवर बोल्टने आवळून थंड झाल्यावर सोडावी. तिसरीवर लांब रेषेऐवजी तुटक तुकडे टाकावेत. चौथी आधी तापवून घ्यावी. पाचवी आवळलेल्या अवस्थेतच भट्टीत सुमारे ६०० अंशांवर ठेवून, सावकाश थंड करून मग सोडावी. प्रत्येक वेळी टोकांची उचल डायल गेजने नोंदवावी. दुसऱ्या व पाचव्या पट्टीतील फरक पाहिला की अडविणे आणि मोकळे करणे यांतील भेद विद्यार्थ्यांना शब्दांवाचून कळतो.

या एका प्रयोगात भौतिकशास्त्रातील उष्णतावहन, गणितातील आंशिक विकलक समीकरणे, संख्याशास्त्रातील प्रयोगरचना आणि धातुविज्ञान एकत्र येतात. आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी याहून सोपे साधन क्वचितच मिळेल.

८. निष्कर्ष

१) थररचित धातूतील अवशिष्ट प्रतिबल हा कारागिरीतील दोष नसून स्थानिक उष्णता व अडविलेले आकुंचन यांचा अटळ परिणाम आहे, तो यील्ड सामर्थ्याच्या जवळ पोहोचू शकतो.

२) विरूपण घटणे आणि प्रतिबल घटणे या भिन्न गोष्टी आहेत. टेकू व आकाराची पूर्वभरपाई पहिली साधतात. पूर्वतापन, यांत्रिक संस्कार व उष्णता-प्रक्रिया दुसरीही साधतात.

३) भाग पट्टिकेपासून सोडविण्यापूर्वीच प्रतिबलमोचन करणे हा क्रम पाळला पाहिजे.

४) उष्णता-प्रक्रियेचे तापमान थररचित धातूच्या स्वतःच्या अंतर्रचनेवरून ठरविले पाहिजे, घडीव धातूच्या कोष्टकावरून नव्हे.

५) भार वाहणाऱ्या भागांच्या तपासणीत मापाबरोबरच प्रतिबलाचेही स्वतंत्र मापन आवश्यक आहे.

एकसंध इंजिनातून १९ सांधे वगळले जातात तेव्हा त्या सांध्यांची तपासणीही वगळली जाते, पण सांध्यांत पूर्वी एकवटणारी जबाबदारी आता संपूर्ण भागावर पसरते. सरळ दिसणाऱ्या भागाच्या आत काय साठले आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे प्रमुख प्रयोजन ठरावे.